आई-बाबा, ‘फॉरमॅट’ तेवढं दाबू नका

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा म्हणाले, ‘कॅमेऱ्याचं एसडी कार्ड घातलं तरी कॉम्प्युटर ढिम्म’, आणि मागून आईचा आवाज आला, ‘गेले वाटतं सगळे फोटो.’ आई, फोटो गेले असं मानायला अजून तरी काही कारण नाही. पण ‘उजवीकडे क्लिक करा, नाही हो, त्याच्या वरचं’ असं फोनवर चाललं की तिघांचाही पारा चढतो, म्हणून मोठ्या अक्षरात लिहून पाठवते आहे. प्रिंट काढून कॉम्प्युटरशेजारी ठेवा.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. कार्ड घातल्यावर ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारणारी चौकट आली तर ‘कॅन्सल’ दाबायचं. फॉरमॅट म्हणजे कार्ड पुसून कोरं करणं. बाबा, हे खास तुमच्यासाठी. चौकट दिसली की ओके करून मोकळं व्हायची तुमची पद्धत एरवी खपून जाते, इथे खपणार नाही. कार्डावरचा मजकूर कॉम्प्युटरला वाचता आला नाही, एवढंच ती चौकट सांगते. कार्ड नीट टेकलं नसलं तरी ती येऊ शकते. शिवाय आणखी एक करा. कार्डाचं लेबल आपल्याकडे आणि कापलेला कोपरा वर उजवीकडे धरलात की डाव्या कडेला एक इवलीशी पट्टी दिसेल. ती नखाने खाली, ‘लॉक’कडे सरकवा आणि मगच कार्ड रीडरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या त्या कार्ड वाचणाऱ्या डबीत, घाला. लॉक असलं तरी फोटो दिसतात आणि कॉपीही होतात. फक्त कार्डावर काही लिहिता किंवा पुसता येत नाही. बहुतेक रीडर ही पट्टी मानतात, त्यामुळे चुकून ओके दाबलं गेलं तरी बचाव होतो. कार्ड परत कॅमेऱ्यात घालताना पट्टी वर करायला विसरू नका, नाहीतर कॅमेरा फोटो काढायला नकार देईल आणि तुम्हाला वाटेल आता तोही बिघडला.

आता दोष कुठे आहे ते शोधू. कार्ड, रीडर आणि कॉम्प्युटर, या तिघांपैकी कोणीतरी रुसलंय. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. सगळं एकदम उपसलं तर काय केल्याने चाललं ते कळतच नाही.

कार्डाची परीक्षा आईने घ्यावी. ते कॅमेऱ्यात घाल आणि फोटो बघायचं बटण दाब. फोटो दिसले की कार्ड चांगलं आहे आणि तुझा जीव भांड्यात पडायला हरकत नाही. कॅमेरासुद्धा फॉरमॅट विचारायला लागला, तर मात्र बंद करून कार्ड बाजूला ठेव आणि त्यावर नवा फोटो काढू नकोस. पुसलेले किंवा हरवलेले फोटो त्यांच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत बऱ्याचदा परत मिळवता येतात. त्यासाठी फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्राम आहे, पण तो मी चालवीन.

कॅमेऱ्यात फोटो दिसतात असं धरून पुढे जाऊ. बाबा, तुम्ही म्हणाल की कॉम्प्युटर रोज बंद-चालू करतोच. पण आताच्या विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केल्यावर सगळं पूर्ण बंद होतंच असं नाही. पुढच्या वेळी लवकर चालू व्हावं म्हणून ते आतली बरीचशी अवस्था जपून ठेवतं आणि त्यात अडकलेली गडबडही जपली जाते. ‘रीस्टार्ट’ केलं तरच खरी नवी सुरुवात होते. रीडर काढून ठेवा, रीस्टार्ट करा, मग रीडर लावा.

लावताना सीपीयूच्या पुढच्या खाचेत नको. पुढच्या खाचा आतून एका वायरने जोडलेल्या असतात आणि ती वायर सैल पडते. मागच्या खाचा थेट मुख्य बोर्डावर असतात. मध्ये ती चार तोंडांची यूएसबी पट्टी आहे ना, तीही काढा. वाकायला त्रास होतो हे ठाऊक आहे, पण एकदाच. रीडर लावताच कॉम्प्युटरने ‘टुडुंग’ असा आवाज केला आणि असल्यास रीडरचा दिवा लागला, तर रीडर ओळखला गेला. काहीच झालं नाही तर त्याच खाचेत पेन ड्राइव्ह लावून बघा. पेन ड्राइव्ह चालला की संशय रीडरवर.

आवाज येतो पण ‘धिस पीसी’मध्ये, म्हणजे सगळे ड्राइव्ह दाखवणाऱ्या खिडकीत, काही दिसत नाही, असंही होतं. कार्ड जाणवलं नाही की रीडर विंडोजच्या लेखी रिकामा, आणि रिकामे ड्राइव्ह ते आपणहून लपवून ठेवतं. उलट, ड्राइव्हचं अक्षर (ई, एफ असं काहीतरी) दिसतंय, पण क्लिक केल्यावर ‘डिस्क घाला’ असं म्हणतंय, तर रीडर दिसतोय आणि कार्ड दिसत नाही. मग कार्डाच्या मागच्या सोनेरी पट्ट्या कोरड्या, मऊ कापडाने हलकेच पुसा. पाणी नको, स्पिरिट नको, फुंकर तर मुळीच नको, तिच्यात वाफ असते. कार्ड सरळ, शेवटपर्यंत आत सरकवा.

खरं सांगू का, माझा संशय वेगळाच आहे. आईने नवं कार्ड घेतलं ते 64 जीबीचं, आणि रीडर मात्र आपला पुरातन. साधी एसडी कार्डं 2 जीबीपर्यंतची. 2006 मध्ये एसडीएचसी आलं, ते 32 जीबीपर्यंत. त्यापुढची, 2 टीबीपर्यंतची, ती एसडीएक्ससी, 2009 मध्ये जाहीर झालेली. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात आणि त्याच खाचेत बसतात, गोंधळ होतो तो यामुळेच. नवा रीडर जुनी कार्डं वाचतो, पण जुना रीडर नवी कार्डं वाचेलच असं नाही. कार्डावर यांपैकी काय छापलंय ते भिंग घेऊन बघा. मग जुनं, लहान कार्ड त्याच रीडरमध्ये घाला. ते लगेच दिसलं आणि नवं दिसलं नाही, तर कोडं जवळजवळ सुटलं. नवा रीडर घ्यायचा आणि त्यावर एसडीएक्ससी लिहिलंय ना ते बघायचं. विंडोज नव्याने टाकायचा सल्ला कुणी दिला असेल तर हसून सोडून द्या.

‘डिस्क मॅनेजमेंट’ नावाची एक खिडकी आहे. कार्ड तिथे दिसत असेल आणि त्याला फक्त ड्राइव्हचं अक्षर मिळालं नसेल, तर तिथून ते देता येतं. पण त्याच मेनूत फॉरमॅट आणि डिलीट हेही शेजारीशेजारी बसलेले असतात. बाबा, तिथे एकटे जाऊ नका. आधी मला फोन लावा, मग माउसला हात लावा.

हे सगळं करायचा कंटाळा आला तर रीडरला रजा द्या. कॅमेऱ्याच्या डब्यातली मूळ केबल शोधा, बॅटरी भरून घ्या, पट्टी वर केलेलं कार्ड कॅमेऱ्यात ठेवा आणि कॅमेरा चालू करून थेट कॉम्प्युटरला जोडा. ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्हच्या अक्षराऐवजी कॅमेऱ्याचं नाव दिसेल. त्यात ‘डीसीआयएम’ फोल्डर, आणि फोटो त्याच्या आत. दुसरी कुठलीही केबल वापरू नका. काही केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, फोटो न्यायच्या नसतातच. फोटो कॉपी करायचे, कट नाही. उघडून बघितल्याशिवाय कार्डावरचा एकही पुसायचा नाही.

रविवारी सकाळी फोन करते. तोवर तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा: कॅमेऱ्यात फोटो दिसतात का, रीडर लावल्यावर आवाज येतो का, आणि जुनं कार्ड चालतं का. चौकट आली तर तिच्यातला मजकूर जसाच्या तसा लिहा, किंवा मोबाइलने तिचा फोटो काढून पाठवा. ‘काहीतरी इंग्रजीत आलं होतं’ एवढ्यावर मला काही सांगता येणार नाही, बाबा.

तुमची लाडकी लेक