दादांची वारी पुरी करणाऱ्या माउलींनो

यंदाच्या वारीत दिवे घाट चढताना आमच्या दादांना घेरी आली. तुम्ही कोणीतरी त्यांना कडेला बसवलंत, गळ्यातले टाळ काढून वारा घातलात, हात धरून सासवडपर्यंत नेलंत.

दादांच्या बंडीच्या खिशात वारीभर लिंबोळ्या असायच्या. तिथे बसल्या जागीही त्यांनी काठीने भोकं पाडून चार पुरल्या, आणि तुमच्यातल्या एका माउलीने त्यांवर आपल्या तांब्यातलं पाणी ओतलं. घरी आल्यावर आईला, नातवंडांना ते हेच पुन्हापुन्हा सांगायचे.

कळस दिसला, चंद्रभागेत स्नान झालं. श्रावणात दादा गेले.

तुमचं नाव, दिंडीचा क्रमांक, काहीच ठाऊक नाही. आम्हा घरच्या सगळ्यांचा तुम्हाला दंडवत. पुढच्या वारीत घाटातल्या त्या वळणावर आम्ही पाण्याची घागर घेऊन उभे असू.