खुर्चीत बसू का, असं विचारणाऱ्या दादांना

नमस्कार दादा,

नाव लिहू नका असं तुम्हीच बजावलंत, म्हणून नुसतं दादा. जांभळी नाक्याच्या बाजूला तुमचं छोटंसं दुकान आहे, एवढंच सांगते.

आमचं मागणं फार मोठं नव्हतं. टीव्हीखाली वायरलेस साउंडबार (एकाच लांब पट्टीत बसवलेले स्पीकर), मागे दोन छोटे स्पीकर, कोपऱ्यात खर्जातल्या आवाजाचा सबवूफर, हे सगळं घरात होतंच. बाबांना समोर त्यांची स्वतःची लाकडी स्पीकरची जोडी हवी होती. वागळे इस्टेटमध्ये नोकरीला असताना बोनसमधून घेतलेली. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा ती जोडी आमच्याबरोबर भाड्याच्या घरात राहिली, मग पाचपाखाडीच्या नव्या फ्लॅटमध्ये आली. साउंडबार त्यांना कधी पटलाच नाही. "सगळी मंडळी एका फळीवर दाटीवाटीनं उभी राहून गातायत," म्हणायचे.

तुमच्याआधी भेटलेल्यांचं काय सांगू! एका चकाचक शोरूममधल्या मुलानं फोटो बघूनच "अंकल, हे भंगारात द्या" म्हटलं आणि हेलिकॉप्टरचा डेमो लावला. दुसऱ्यानं ब्लूटूथची एक डबी गळ्यात मारली. बातम्या देणारीचे ओठ आधी हलायचे, शब्द मागून यायचे. कस्टमर केअरवाल्या बाई "बंद करून परत चालू करा" यापुढे सरकल्याच नाहीत. आणि बाबा समोर उभे असताना हे सगळेजण बोलत होते माझ्याशी. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला अजून काही हवं असू शकतं, हेच त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

तुम्ही आल्या आल्या टीव्हीच्या रिमोटमधला सेल काढलात, त्याची टोकं स्पीकरच्या वायरींना लावलीत. टप् आवाज झाला, स्पीकरचा पडदा पुढे सरकला. "काका, जिवंत आहेत." ज्या जोडीला भंगार ठरवलं होतं, तिचा निकाल दीड व्होल्टमध्ये लागला!

मग खरं ते सांगितलंत. समोरचा डावा, उजवा आणि मधला असे तिन्ही आवाज साउंडबार स्वतःच सांभाळतो, त्याच्या जोडीला समोर आणखी स्पीकर त्याचं अ‍ॅप घेणारच नाही. बार काढून त्याच्या जागी त्याच कंपनीचा, एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज केबलनं घेणारी जोडणी) असलेला अ‍ॅम्प, म्हणजे स्पीकर वाजवणारं यंत्र, बसवायचा आणि त्याला ही लाकडी जोडी. मागचे दोन आणि सबवूफर पुन्हा वायरलेसच जोडले जातील. अ‍ॅम्प महाग आहे हे आधीच सांगितलंत. डॉल्बी अ‍ॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आल्यासारखा आवाज, मिळणार नाही हेही. "डोक्यावरून हेलिकॉप्टर जाणार नाही, काका." बाबा म्हणाले, "नकोच जायला."

जोडणीचं मी लिहीत बसत नाही. मला सांगायचंय ते त्यानंतरचं.

सगळं वाजायला लागल्यावर तुम्ही हॉलभर नजर फिरवलीत आणि विचारलंत, "काका, तुम्ही बसता कुठे?" सोफा मधोमध आहे, पण बाबा बसतात बाल्कनीच्या दाराजवळच्या वेताच्या खुर्चीत. तुम्ही म्हणालात, "तुमच्या खुर्चीत दोन मिनिटं बसू का?"

दादा, आमच्या घरात त्या खुर्चीत पाहुणे बसतात, नातवंडं उड्या मारतात, इस्त्रीचे कपडे तर दिवसभर मुक्कामाला असतात. बसू का म्हणून बाबांना आजवर कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीसुद्धा नाही. बाबा जरा गोंधळलेच. मग त्यांनी उशी झटकली, सरळ केली आणि म्हणाले, "बसा, बसा."

तिथे बसून तुम्ही काय लावू तेही त्यांनाच विचारलंत. बालगंधर्व, दुसरं काय! ती रेकॉर्डिंग मोनो. दोन्हीकडून तंतोतंत एकच आवाज येतो, म्हणून कानाला तो मधोमध ऐकू येतो, जिथे काहीही ठेवलेलं नाही तिथून. पण माणूस एका बाजूला बसला की तोच आवाज जवळच्या स्पीकरकडे घसरतो, असं तुम्ही समजावलंत. खुर्ची मात्र हलवायला सांगितली नाहीत. टीव्हीचं कपाट सरकवलंत, स्पीकर सरकवलेत, त्यांची तोंडं खुर्चीकडे वळवलीत, दोन स्पीकर आणि खुर्ची मिळून साठ अंशांचा त्रिकोण जमेपर्यंत पुन्हा पुन्हा उठून बघितलंत. मग बाबा बसले. थोडा वेळ ऐकलं आणि उठून टीव्हीच्या मागे डोकावून आले.

हल्ली कुणी गोड बोललं की पाठोपाठ "मॅडम, फाइव्ह स्टार द्या" येतंच. तुम्ही काही मागितलं नाहीत. आमचा वॉचमन बाबांना फिरायला उशीर झाला तर जिन्यापर्यंत येऊन चौकशी करतो. बँकेतली एक मुलगी त्यांना बघितलं की स्वतः खुर्ची ओढून देते. अशा माणसांमुळे ठाणं राहण्यासारखं वाटतं, घोडबंदरच्या ट्रॅफिकसकट.

आता सोफ्यावरच्यांना आवाज जरा एका बाजूनं येतो, अशी माझ्या नवऱ्याची तक्रार आहे. त्याला साउंडबार बेडरूममध्ये लावून दिलाय. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडेही माळ्यावर अशीच एक जोडी निघाली आहे. तुमचा नंबर दिलाय. फोन आला तर उचला, ते जरा मोठ्यानं बोलतात.

तुमच्या काकांची मुलगी,
पाचपाखाडी, ठाणे