आगर फक्त मिठाचे नव्हे

संपादक महाशय,

रविवारच्या पुरवणीतला गावांच्या नावांवरचा लेख आवडला. पण ‘आगर म्हणजे मिठागर’ असे एका ओळीत उरकलेले वाचून राहवले नाही. उरण-पेणकडे आगर म्हटले की मीठच, त्याबद्दल वाद नाही. पण अलिबागकडच्या अष्टागरापासून आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरपर्यंत आणि पुढे गुहागरातही आगर म्हणजे घरामागची नारळी-पोफळीची बाग. मूळ संस्कृत ‘आकर’, म्हणजे खाण, साठा. प्राकृतात त्याचे ‘आगर’ झाले. जे जिथे भरपूर निघते ते त्याचे आगर, मग मीठ असो की सुपारी. ‘सर्व सुखाचे आगर’ म्हणताना ज्ञानेश्वरांच्या डोळ्यांपुढे मिठागर खासच नसणार!

आमचे आगर जेमतेम दहा गुंठ्यांचे. पुढे रस्ता, मग घर, मागचे दार उघडले की विहीर आणि तिथून सुरूच्या बनापर्यंत गेलेली चिंचोळी पट्टी. वर माड, खाली रोठा जातीच्या सुपारीच्या पोफळी, त्यांवर चढवलेली मिरी, मधल्या ओलीला केळी, विहिरीजवळ एक जायफळ. सासऱ्यांच्या वेळी रहाटाला बैल होता, आता पंप आहे. तरी ‘शिंपण झालं का?’ असेच विचारायचे. पाणी दिले का, असे इथे कोणी म्हणत नाही.

आगर मोजायचे तेही झाडांवर. किती माड, किती पोफळी, एवढेच. हे सरकारला 2020 मध्ये उशिरा उमगले. 3 जूनच्या निसर्ग वादळात निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या आणि मदत जाहीर झाली हेक्टरी 50 हजार! आमच्या वाट्याला त्या हिशेबाने 5 हजार. पडलेली खोडे तोडून बाहेर काढायची मजुरीही त्यात भागेना; आणि नव्या पोफळीला सुपारी धरायला सहा-सात वर्षे. बोंबाबोंब झाल्यावर झाडामागे मदत ठरली, माडाला 250 आणि पोफळीला 50 रुपये. रक्कम किरकोळच, पण मोजायची रीत तरी आमची होती.

तेव्हापासून पट्ट्या भराभर विकल्या जात आहेत. आमच्या शेजारी हिरवळ, पोहण्याचा हौद आणि कुंडीतले दोन शोभेचे ताड आहेत, आणि फाटकावर पाटी आहे ‘आगर फार्म स्टे’. लेखकांनी पुढच्या भागात ‘आगर म्हणजे मिठागर’ या ओळीची दुरुस्ती करावीच; जमल्यास या पाटीचाही समाचार घ्यावा.

– एक वाचक, ता. श्रीवर्धन, जि. रायगड