ईतातेहून आल्यावर

तोक्यो, रविवार रात्र

प्रिय जुई,

परवा फोनवर तू विचारलंस, "अणुभट्टीच्या अपघाताची भरपाई मिळाली ना? मग ईतातेच्या त्या आजी शहरात राहायचं सोडून गावी परत कशाला गेल्या?" तेव्हा मी विषय बदलला. काल त्यांच्याकडे जाऊन आलो.

ईताते गाव फुकुशिमाच्या अणुभट्टीपासून तीस-चाळीस किलोमीटरवर, डोंगरात. अपघातानंतर सरकारनं सक्तीनं रिकामं केलेलं वर्तुळ वीस किलोमीटरचं, म्हणून गाव निर्धास्त. उलट किनाऱ्यावरून पळून आलेल्या लोकांना इथल्या बायकांनी भात रांधून घातला. १५ मार्च २०११ ला वारा वायव्येकडे, म्हणजे गावाच्या दिशेनं फिरला. आधी पाऊस, मग बर्फ. संध्याकाळी गावच्या कचेरीपाशी मीटरनं किरणोत्साराचे ताशी ४४.७ मायक्रोसीव्हर्ट दाखवले. आणि हे गावही रिकामं करायचं असं जाहीर झालं कधी, तर २२ एप्रिलला! वर महिनाभराची मुदत. आजींचा राग अणुभट्टीवर आहेच, पण त्याहून जास्त या पाच आठवड्यांवर आहे. नातू तेव्हा अंगणात बर्फात खेळत होता, हे त्या दर भेटीत सांगतात. कालही सांगितलं.

आपण तेव्हा राजापूरला आजोबांकडे होतो. तू पाच वर्षांची, तुला फक्त आंबे आठवत असतील. १८ एप्रिलला साखरी नाटे इथं जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या विरोधातल्या आंदोलनावर गोळीबार झाला, एक माणूस गेला. आजोबांनी पेपर माझ्यापुढे ठेवला आणि काहीच न बोलता उठून गेले. मी परतीच्या तिकिटांचं बघत होते.

आजींचं घर चार पिढ्यांचं. गाई विकल्या, लेक-सून मुलांना घेऊन एका शहरात, म्हातारा-म्हातारी दुसरीकडे तात्पुरत्या घरांच्या चाळीत. भिंती एवढ्या पातळ की शेजारी खोकला तरी ऐकू यायचा. सहा वर्षं अशी काढली, त्यातच आजींचे यजमान गेले. ३१ मार्च २०१७ ला नागादोरो ही वाडी सोडून बाकी गाव खुलं झालं, तेव्हा आजी एकट्याच परतल्या. नातू आता कॉलेजात आहे, ओबोनला, म्हणजे तिथल्या पितरांच्या सणाला येतो, राहत नाही.

शेत बघितलं. वरची पाच सेंटीमीटर माती खरवडून काळ्या पिशव्यांत भरून नेली, वर डोंगरातली रेताड माती पसरली. मी मूठभर उचलली तर बोटांतून सुळकन निसटली. "आमच्या सासऱ्यांनी शेण घालून घालून केलेली माती त्या पिशव्यांत गेली," आजी म्हणाल्या. पिशव्या आता अणुभट्टीलगतच्या ओकुमा-फुताबाच्या साठवणीत. २०४५ पर्यंत फुकुशिमाबाहेर हलवायच्या असा कायदा आहे. कुठे, ते कुणालाच माहीत नाही.

जंगल मात्र कुणी खरवडलं नाही, घरालगतची वीसेक मीटरची पट्टी तेवढी साफ केली. गावाचा तीन चतुर्थांश भाग जंगलच आहे, ते कोण धुणार? म्हणून रानातली अळंबी बंद. शेताबद्दल बोलताना आजी शांत होत्या, अळंबीवर आल्या तेव्हा आवाज फुटला. मात्सुताके ही अळंबी कुठल्या झाडाखाली उगवते ती जागा सासूनं फक्त त्यांनाच दाखवली होती. त्यांनी ती सुनेला दाखवलेली नाही. दाखवून करायचं काय?

तिथल्या बोलीत 'मादेई' असा शब्द आहे, मूळ अर्थ दोन्ही हातांनी. आपलं 'निगुतीनं' अगदी तेच. आजींनी निघताना मुळ्याची पिशवी दोन्ही हातांनी दिली, सोबत गावात तपासून घेतल्याची चिठ्ठी: किरणोत्सारी सीझियम आढळले नाही. मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी ती आधी वाचून दाखवली. मला कसंतरीच झालं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर यात कुठे आहे का, तूच बघ. रात्री मुळ्याची कोशिंबीर केली. मी दोनदा घेतली. बाबांनी ताटात वाढून घेतली आणि तशीच ठेवली.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी
आई