कारल्याचा वेल आणि लॉगबुक

मा. संपादक,
स. न.

कालच्या शैक्षणिक पुरवणीतला गाण्यांमधून कथनतंत्र शिकवण्याचा लेख वाचला. निवेदक कोण, संवाद कसा रचायचा, फ्लॅशबॅक म्हणजे काय, हे नववी-दहावीला गाणी ऐकवून शिकवा, हे लेखकमहाशयांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. फक्त उदाहरणं झाडून सगळी इंग्रजी आणि हिंदी सिनेमातली. जळगाव आवृत्तीत छापताना तरी कुणाला भुलाबाई, म्हणजे मुली टिपऱ्यांच्या तालावर म्हणतात ती गाणी, आठवू नयेत?

त्यातलं ‘कारल्याचा वेल’च घ्या. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर. मग वेल येऊ दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी कर, भाजी खा, उष्टं काढ. सून एकदाही रडत नाही की चिडत नाही. तरी किती दिवस गेले ते कळतं, आणि सासूला कुणी दुष्ट न म्हणता सासूही कळते. कथेत काळ कसा पुढे न्यायचा, यासाठी मी हे गाणं नववीला घेतलं होतं. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, “बाई, तिला घ्यायला आलेला भाऊ तोवर काय करत असेल?” गाण्यात भाऊ नाहीच! म्हटलं, लिहा मग भावाच्या तोंडून. एका मुलाने तर भावाला ओसरीवर बसवून सासऱ्याशी कापसाच्या भावावर बोलायला लावलं. सुनेचं नावही नाही.

तेवढ्यात मुख्याध्यापक दारात. “टिपऱ्या घरी खेळा.” लॉगबुकात शेरा पडला : अभ्यासक्रमाबाहेरील. त्याच संस्थेने परवा याच विषयावर कार्यशाळा घेतली, प्रोजेक्टरसकट. मलाही बोलावलं होतं, ऐकायला. पोहे छान होते.

जाता जाता. लेखात शेवटी बहिणाबाईंना ‘अहिराणी कवयित्री’ म्हटलंय. असोद्याच्या या बाईंची बोली लेवा. त्यांना लिहिता येत नव्हतं. 1951 मध्ये त्या गेल्या आणि पुस्तक आलं 1952 मध्ये. म्हणजे गाणी आधी, पुस्तक नंतर, हे तरी लेखात यायला हवं होतं. पण दर 3 डिसेंबरला, त्यांच्या पुण्यतिथीला, तुम्हीही ‘अहिराणी’च छापता. मागे यावर पत्र पाठवलं होतं, ते छापलं नाहीत. हे छापलंत तर जागेअभावी नेमका ‘लेवा’ तेवढा कापू नका.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, एरंडोल