लाकडी मगात बिअर ओतण्याआधी

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत घरी बिअर बनवण्याच्या छंदावरचा लेख वाचला. छायाचित्रे झकास आहेत. पण लिहिणाऱ्याने लाकूड कधी कातलेले नाही, हे पहिल्याच चित्रात कळते. म्हणून हा पत्रप्रपंच.

मी टर्नर. 34 वर्षे कारखान्यात लेथवर काढली, आता घरच्या छोट्या लेथवर लाकूड कातत बसतो. बिअर आमच्याकडे मुलगी करते. मला बिअरमधले फारसे कळत नाही. पण केगच्या (बिअरच्या धातूच्या पिंपाच्या) तोटीची मूठ, ओपनर, बाटल्यांची पेटी असली सगळी कामे माझ्याकडे.

पहिली मूठ मी शिसमाची केली. 28 सेंटीमीटर उंच, वर लट्टू, वजन 400 ग्रॅमच्या पुढे. तोटीचा आटा नुसता डोळ्याने पाहिला, पिच गेज (दोन आट्यांमधले अंतर, म्हणजे पिच, मापायची पट्टी) लावायचा आळस केला आणि मुठीत एम-10 चा, म्हणजे 10 मिलिमीटरच्या मेट्रिक आट्याचा, पितळी बुश (आतून आटे असलेली नळी) बसवला. चार आटे गेला, पण मूठ डुगडुगायला लागली. मग मापले तर आटा 3/8 इंची, इंचाला 16 आटे. म्हणजे व्यास साडेनऊ मिलिमीटर आणि पिच 1.59, एम-10 चा पिच 1.5. फरक डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतो. टर्नरने ही चूक करावी, याची मुलगी अजून आठवण काढते. अमेरिकी पद्धतीच्या बहुतेक तोट्यांना हाच आटा असतो. आपल्या लेखात मुठींवर अर्धे पान आहे, आट्याबद्दल अवाक्षर नाही.

बुश बदलला, तरी खरा घोळ पुढेच होता. ही तोटी मूठ पुढे ओढली की उघडते. वरून जड असलेली मूठ जराशी पुढे कलली की स्वतःच्याच वजनाने खाली येते. एका रात्री कोणीतरी फ्रिजचे दार आपटले, आणि सकाळी 19 लिटरच्या केगमधली निम्मी बिअर फरशीवर. मुलीची महिनाभराची मेहनत, पुसायला मी. आताची मूठ 15 सेंटीमीटरची आहे, वरचा भाग आतून पोकरलेला, शिवाय तोटीत आपोआप बंद करणारी स्प्रिंग टाकली आहे. लेखातल्या चित्रात हातभर लांबीची कोरीव मूठ दिसते. त्या घरी फडके हाताशी असलेले बरे.

इथपर्यंत हसून सोडता येईल. लाकडी मगाचे तसे नाही. आतून पॉलिश केलेल्या लाकडी मगात बिअर ‘नैसर्गिक’ लागते, असे लेख सांगतो. लाकडाला रंध्रे असतात. त्यांत बिअर मुरते, ब्रश तिथवर पोचत नाही, आणि दोन-चार वेळा वापरले की मगाला आंबूस वास सुटतो. पॉलिशही धुण्याने निघत जाते; लाखेचे पॉलिश तर मुळातच स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्येच, विरघळवून केलेले असते. पूर्वी बिअर लाकडी पिंपात ठेवत हे खरे, पण युरोपात बऱ्याच ठिकाणी अशा पिंपांना आतून राळेचा थर देत.

हाताने घडवलेल्या मातीच्या मगांबाबतही जपून. बिअरचा पीएच साधारण 4 ते 4.5, म्हणजे ती आंबटच. झिलईत शिसे असेल आणि भाजणी नीट झाली नसेल, तर ते पेयात उतरते. अशी भांडी तपासताना 4 टक्के ॲसिटिक ॲसिडने (व्हिनेगरमधल्या आम्लाने) भरून 24 तास ठेवतात, ते उगाच नाही. मी स्टेनलेस स्टीलचा पेला घेतो आणि त्याला बाहेरून लाकडी पट्ट्या आणि कान लावतो. नक्षीची हौस बाहेर भागते.

जाता जाता आणखी दोन चुका. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या 1516 च्या बिअरविषयीच्या नियमात यीस्टचा उल्लेख होता, असे छापले आहे. नव्हता, पाणी, जव आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले), एवढेच. दुसरी चूक मात्र इजा करणारी आहे: ‘आठ दिवसांनी बाटल्या भराव्यात.’ मुलगी दिवस मोजत नाही, हायड्रोमीटर (घनता मोजणारी नळी; साखर आंबेल तसा तिचा आकडा उतरतो) पाहते. 1.048 ला सुरू झालेला आकडा 1.010 च्या आसपास येऊन तीन दिवस हलला नाही, तरच बाटल्या भरते, आणि मग बाटलीत गॅस धरावा म्हणून लिटरला 6 ग्रॅम साखर, तीही काट्यावर तोलून. आंबणे अर्धवट असताना बूच लावले, तर यीस्ट उरलेले काम बाटलीत करते, दाब चढत जातो आणि काच फुटते. म्हणून तिने माझ्याकडून पेटीला जाड झाकण करून घेतले आहे. त्याची परीक्षा अजून झालेली नाही.

पुढच्या पुरवणीत निदान बाटल्यांची दुरुस्ती छापावी. मगाची नाही छापली तरी चालेल, असे मुलीचे म्हणणे. मला चालणार नाही.

– एक निवृत्त टर्नर