वहीतला एक जादा रकाना

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात मूत्रपिंडाच्या आजारावर अधूनमधून चांगलं लिहून येतं. पाणी किती प्यावं, मीठ किती खावं, मूत्रपिंड कोण देऊ शकतं, सगळं असतं. पण सुई दुखते, हे काही कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून हे पत्र.

आमचे हे तीन वर्षांपासून घरीच डायलिसिस करतात. पोटातून करतात ते नव्हे, त्यात सुईच नसते. हे रक्ताचं, मशीनवरचं. केंद्रात जायचो तेव्हा आठवड्यातून तीन वेळा जायचो. घरी पाच वेळा करतो, दर वेळी थोडा कमी वेळ. ह्यांना ते जास्त मानवलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण दर वेळी सुया दोन लागतात, एक रक्त ओढून घेणारी आणि एक परत सोडणारी. केंद्रात वर्षाला ३१२ होत होत्या, घरी ५२० होतात. मी पस्तीस वर्षं हिशेबनीस होते, त्यामुळे मला आधी आकडे दिसतात. शिवाय पहिल्या वर्षीच्या बहुतेक सुया मीच टोचल्या आहेत.

सुई म्हणजे केवढी, हेही सांगते. सुईचा नंबर जितका लहान तितकी ती जाड. दंडात औषध टोचतात ती २३ नंबरची सुई बाहेरून सुमारे ०.६ मिलिमीटर असते. आमची १५ नंबरची, सुमारे १.८. मिनिटाला ३०० मिली रक्त ओढायचं तर बारीक सुई कशी पुरणार? १९६० साली अमेरिकेत डॉ. स्क्रिबनर यांनी हातात कायमच्या नळ्या बसवायला सुरुवात केली. त्यात रोजचं टोचणं नव्हतं, पण नळ्यांत जंतू शिरायचे, गुठळ्या व्हायच्या. १९६६ मध्ये ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटाजवळ धमनी आणि शीर एकमेकींना जोडण्याची पद्धत मांडली. तोच फिस्टुला. शीर फुगून दणकट होते, बोट ठेवलं की आत मांजर घुरघुरल्यासारखं लागतं. उत्तम सोय आहे, फक्त दर वेळी ती टोचावी लागते.

प्रशिक्षणात सगळं शिकवलं. दंडाला पट्टा बांधायचा, सुईचं तिरकं तोंड वर ठेवायचं, कोन साधारण २५ अंशांचा, नळीत रक्ताने उडी घेतली की सुई आडवी करून पुढे सरकवायची. दुखण्याबद्दल एकच वाक्य होतं, "सवय होईल." म्हणणाऱ्या बाई प्रेमळ होत्या, त्यांना दोष देत नाही. पण हे वाक्य आमच्या घरात फार आत जाऊन बसलं.

पहिल्या महिन्यात मी एक लबाडी केली. कुणीतरी सांगितलं होतं की सुई शिरताना खोकलं की कमी दुखतं. म्हणून मी "एक, दोन, तीन" म्हणायची आणि तीनला ह्यांनी खोकायचं, असं ठरलं. एकदा हे फार आखडून बसले होते. म्हटलं, बेसावध असताना टोचली तर बरं, आणि मी दोनलाच टोचली. हात झटकला गेला, सुई शिरेच्या मागच्या भिंतीतून आरपार. पुढचे कितीतरी दिवस मी "एक" म्हटलं की हे डोळे मिटायचे आणि जबडा आवळायचे. खोकण्याचा उपाय खरंच चांगला आहे, आजही उपयोगी पडतो. पण तो माझ्या हाताने त्या दिवशी बुडवला.

त्याहून मोठी चूक पाचव्या महिन्यात झाली, आणि ती आम्हा दोघांची. मशीन सुरू होऊन पाऊण तास झाला होता. हे उजव्या हातात वर्तमानपत्र धरून वाचत होते. माझ्या लक्षात आलं, पान उलटलेलंच नाही. कपाळावर घाम. विचारलं, "दुखतंय का?" तर म्हणाले, "थोडं. नेहमीचंच." बघते तो परतीच्या सुईजवळ लिंबाएवढी सूज. सुईचं टोक सरकून रक्त शिरेबाहेर, मांसात जात होतं. मशीनवर परतीचा दाब चढत होता, पण गजर वाजण्याइतका अजून नव्हता. पंप थांबवला, चिमटे लावले, केंद्राला फोन केला, तिकडून सांगत गेले तसं करत गेले. नंतर बर्फ. मनगटापासून कोपरापर्यंत हात पंधरा दिवस निळा-हिरवा होता.

रात्री विचारलं, किती वेळ दुखत होतं?

"वीसेक मिनिटं."

"मग बोलला का नाहीत?"

"सवय करायला सांगितलंय ना."

त्या रात्री मी पट्टी घेऊन बसले. केंद्राने दिलेल्या वहीत वजन, रक्तदाब, नाडी, ताप, पंपाचा वेग, येता-जाता दाब, सगळ्यांना रकाने आहेत. शेवटच्या रकान्यापुढे थोडी जागा होती, तिथे आणखी एक आखला. वर लिहिलं, "दुखणं". शून्य ते दहा, दोन्ही सुयांचे वेगवेगळे आकडे. हे आधी हसले. मग पहिलाच आकडा सात सांगितला, आणि मला रडू आलं, कारण माझा अंदाज तीन-चारचा होता.

महिनाभरात तो रकाना बोलू लागला. बधिर करणारं मलम आमच्याकडे पहिल्यापासून होतं, लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी अडीच टक्के असलेलं. आम्ही ते बामासारखं चोळून पंधरा मिनिटांत टोचायचो आणि मलम कुचकामी आहे म्हणायचो. ते चोळायचं नसतं. जाड थर द्यायचा, वर चिकटपट्टीचं पारदर्शक आवरण लावायचं आणि निदान तासभर थांबायचं. घाईच्या दिवसांचे आकडे सहा-सात, पूर्ण तास दिलेल्या दिवसांचे तीन-चार. मलमाने कातडी बधिर होते, शीर नाही; आत दाबल्यासारखं लागतंच. नंतर ते साबणाने पूर्ण धुऊन काढायचं. जंतुनाशक लावलं की वाळू द्यायचं, नुसतं दिसायला नव्हे, खरंच वाळू द्यायचं. ओलं असताना सुई घातली की आग होते आणि जंतूही पुरते मरत नाहीत.

वहीलाही फसवता येतं, हे मात्र सांगायला हवं. एके काळी आकडे दोनवर आले आणि मी खूश होते. कारण असं की हे म्हणायचे, "तिथेच टोच, तिथे कळत नाही." मी तिथेच टोचत राहिले. एकाच पट्ट्यात पुन्हापुन्हा टोचलं की जागा बधिरते खरी, पण शिरेची भिंत पातळ होऊन फुगते. तपासणीला गेलो तेव्हा तो उंचवटा पाहून परिचारिकेने मला चांगलंच फैलावर घेतलं. मग रीतसर दोनच मार्ग. एक शिडीच्या पायऱ्यांसारखा, शिरेच्या लांबीवर दर वेळी पुढची जागा. दुसरा बटनहोल, आपल्या भाषेत काज. पोलंडच्या डॉ. त्वार्दोव्स्की यांनी १९७० च्या दशकात रूढ केलेला. तेच छिद्र, तोच कोन, तीच खोली. सुरुवातीला काही वेळा एकाच माणसाच्या हाताने धारदार सुई घालावी लागते. आत वाट तयार झाली की बोथट सुई चालते आणि दुखणं कमी होऊ शकतं. पण आधी खपली भिजवून पूर्ण काढावी लागते, नखाने नाही, निर्जंतुक साधनानेच. यात जंतुसंसर्गाचा धोका शिडीपेक्षा जास्त आहे. थंडी वाजून ताप आला तर सकाळपर्यंत थांबायचं नाही.

काज पडायला एकच हात हवा, म्हटल्यावर हेच म्हणाले, मी घालतो. फिस्टुला डाव्या हाताला, हे उजवे. पहिल्या दिवशी सुई हातात धरून अकरा मिनिटं नुसते बसले होते, मी घड्याळ बघत होते. मी काही बोलले नाही, हे माझं त्या दिवसाचं काम. मग स्वतःच "तीन" म्हणाले, खोकले आणि घातली. आकडा विचारला तर चार. तोच हात, तेवढीच सुई. आपण कधी टोचणार हे आपल्याला माहीत असतं, एवढाच फरक असावा. सगळ्यांना हे जमेल असं नाही. ज्यांचे हात थरथरतात, नजर अधू आहे, त्यांनी हट्टही धरू नये.

आता माझी मागणी. डायलिसिस केंद्रांनी आणि मूत्रपिंडतज्ज्ञांनी आपल्या छापील तक्त्यात दुखण्याचा एक रकाना घालावा. दर भेटीत डॉक्टरांनी रक्तदाबाइतक्याच सहज तो वाचावा. घरी करणाऱ्यांना पहिल्या दिवशी सांगावं की टोचल्यावर दुखणं ओसरायला हवं. मशीन चालू असताना आग, ठणका वाढला तर लगेच बोलायचं. "सवय होईल" याऐवजी "आज किती?" एवढंच विचारावं. त्याला खर्च शून्य.

आमच्या वहीत परवा रकाना रिकामा दिसला. विचारलं, तर म्हणाले, "लिहायचं राहिलं." मी पेन पुढे केलं. "तीन," म्हणाले, "परतीची चार. जागा तपास."

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त हिशेबनीस